उस्तादांचं रिकामं पिस्तूल

शिष्याचा अपमान करायला आमच्या उस्तादांना आवाज चढवावा लागत नसे. ते नुसतं पिस्तूल हातात देत. निवृत्त सुभेदार, बोरगाव मेघेत जिनिंगच्या जुन्या गोदामात त्यांनी एअर पिस्तुलाची रेंज काढली होती. दिवसभर शाळेत पोरांना दटावणारा मी संध्याकाळी तिथे दटावून घ्यायला जाई, तेही हौसेनं.

पिस्तूल भरायचं काम त्यांनी स्वतःकडेच ठेवलं होतं. आपल्याला दिसू न देता ते कधी छर्रा घालत, कधी मुद्दाम घालत नसत. आपण श्वास रोखून, एकाग्र वगैरे होऊन चाप ओढावा, तर नुसतंच ‘टिक’. नळी मात्र भीतीनं खाली झुकलेली. "गुरुजी, अंदर छर्रा नोयता. मंग हात कोनाले भेला?" असं ते अत्यंत अदबीनं विचारत. ‘गुरुजी’ हा शब्द इतका झोंबतो, हे मला इतक्या वर्षांच्या नोकरीत कळलं नव्हतं.

भिंतीवर त्यांनीच लिहून ठेवलं होतं, ‘प्रत्येक पिस्तूल भरलेलं समजा’. चाप ओढताना मात्र हुकूम उलटा, "आता रिकामंच समजा." मी ही विसंगती दाखवून दिली. जन्मभर पेपर तपासलेला माणूस दुसरं काय करणार?

"भिंतीवरचं दुसऱ्याच्या जिवासाठी हाय, हे तुमच्या हातासाठी," ते म्हणाले. "जिभेले काई शिकवाची गरज नाई तुमच्या."

मला एकदा तरी राज्यस्पर्धेला जायचं होतं. पण नागपूरच्या निवडचाचणीत पिस्तूल ज्याचं त्यानं भरायचं. छर्रा आत आहे हे मला ठाऊक असे, आणि दुर्दैवानं हातालाही. दोनदा आपटलो. परतीच्या गाडीत उस्ताद संत्रं सोलून माझ्यापुढे धरत. "इमानदार हाय तुमचा हात. मनातलं लगेच सांगून टाकते."

तिसऱ्या चाचणीआधी ते दवाखान्यात पडले. तपासणीच्या रिपोर्टचं पाकीट मीच घेऊन आलो, आणि ते उघडताना माझा हात थरथरू लागला. उस्तादांनी खाटेवरूनच माझं मनगट धरलं. त्यांची पकड घट्ट होती. "काऊन हालून राह्यले, गुरुजी? रिकामंच समजा."

रिपोर्ट वाईट होता. चाचणीच्या आधीच ते गेले.

चाचणीत मी पिस्तूल भरलं, उचललं. मनगटावर ती पकड जाणवत होती. हात शेवटपर्यंत हलला नाही आणि माझी निवड झाली. परतीच्या गाडीत संत्रं सोलायला घेतलं, तेव्हा मात्र हात असा कापायला लागला की एक फोड धड निघेना.