जर्मन गावातला दहावा
शहाजिरं घातलेल्या ब्रेडचा वास आला की हॅमिल्टनपासून तासाभरावरचं, जर्मन लोकांनी वसवलेलं ते छोटं गाव आठवतं. पासपोर्ट इथल्या पीआरच्या, म्हणजे कायमच्या वास्तव्याच्या, कामात अडकला होता, म्हणून बाबांच्या दहाव्याला इंडियात जाता आलं नाही. कॉन्डोच्या फ्लॅटमध्ये पिंड ठेवणार कुठे, म्हणून त्या गावच्या नदीकाठी गेलो. रविवार होता, बेकरी सोडून सगळं बंद, रस्त्यावर एक घोडागाडी. बर्फ सारून भात ठेवला. कावळा झाडावरून हलेना. “बाबांना काहीतरी कबूल कर ना,” बायको म्हणाली. माझे हात बधिर झाले होते, डोकंही. शेवटी एका सीगल पक्ष्याने भात खाल्ला. फोनवर आईने विचारलं, “शिवला का रे कावळा?” “हो, लगेच.” “म्हणजे इच्छा काही राहिली नव्हती,” ती म्हणाली. शेवटच्या फोनवर बाबांनी ‘कधी येतोस’ एवढंच विचारलं होतं. आईला मी अजून खरं सांगितलेलं नाही.