आधी जाऊन बघा

"आदी बगा, रिकामा तं नाय ना!"

हे आमच्या कॉम्प्युटर मास्तरांचं वाक्य. जव्हारच्या आमच्या बालविकास ऑफिसात ते माठात कधी थेट ग्लास बुडवत नसत. आधी झाकण उचलायचे, आत डोकवायचे, मग ग्लास. आम्ही पदवीधर मंडळी सरळ ग्लास घालायचो, तळाशी खडखडाट झाला की शिपायाच्या नावाने ओरडायचो. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. मास्तरांसारखी कमी, आमच्यासारखी भरपूर.

मास्तर मोखाड्याकडच्या पाड्यावरचे, कंत्राटी. दोन हजार सालानंतर ऑफिसात कॉम्प्युटर आला, त्याला हळदकुंकू लावून झालं, आणि तो चालवायला हे आले. दर महिन्याला पाड्यापाड्यांवरून मुलांच्या वजनांच्या याद्या येत. त्यातली कमी वजनाची मुलं मोजून प्रोग्राम गावांचे नंबर लावी.

एका श्रावणात पहिला नंबर नदीपलीकडच्या पाड्याने पटकावला. कमी वजनाची मुलं: शून्य! साहेबांनी पेढे मागवले. अभिनंदनाचं पत्र मी टाइप केलं, 'आदर्श' हा शब्द दोनदा घातला.

पत्र वाचून मास्तर म्हणाले, "भाऊ, या पाड्याची यादीच आली नाय. नदीला पाणी हाय, जीप जात नाय. यादीत एकबी पोर नाय, तं मशीन मोजील काय?"

"मग शून्य बरोबरच की," मी म्हणालो. त्या वाक्याची मला आजही लाज वाटते.

मास्तरांनी प्रोग्राममध्ये दोन ओळी घातल्या. मोजण्याआधी यादी रिकामी आहे का ते बघायचं. असेल तर आकडा द्यायचाच नाही, छापायचं: 'यादी रिकामी. आधी जाऊन बघा.'

साहेब भडकले. "हा कागद वर पाठवू? काढा त्या ओळी!"

"काडतो साहेब. आदी बगून येतो."

आणि खरंच गेले. नर्सबाईंना घेऊन, वजनकाटा खांद्यावर टाकून, नदीच्या वरच्या अंगाने लांबचा वळसा घालून. तिसऱ्या दिवशी चिखलाने माखून परतले ते दोन पोरांना आयांसकट थेट दवाखान्यात घेऊन. पोरांच्या बरगड्या मोजता येत होत्या. त्याला प्रोग्राम लागत नव्हता. दोघंही वाचली.

या तत्परतेबद्दल सत्कार झाला. साहेबांचा. मास्तरांचं कंत्राट मार्चमध्ये संपलं ते संपलंच. ओळी त्यांनी काढल्या नव्हत्या, आणि काढायच्या कशा हे आम्हा पदवीधरांपैकी कुणालाच ठाऊक नव्हतं.

एप्रिलमध्ये मी कर्मचाऱ्यांची यादी छापायला घेतली. तीही मास्तरांनीच त्याच प्रोग्रामवर बसवून दिलेली. एकेका विभागाची नावं येत गेली. कॉम्प्युटर विभागात माणूस एकच होता, त्याचं नाव मीच खोडलं होतं. प्रिंटर करकरला आणि कागदावर ओळ आली: 'यादी रिकामी. आधी जाऊन बघा.'

मी उठलो, मास्तरांच्या आतल्या खोलीत जाऊन बघून आलो.