ड्रायर कोणी बंद करायचा

मॅनेजरबाईंच्या केबिनवर 'व्यवस्थापक' अशी पितळी पाटी होती. दार मात्र नीट लागत नसे. बिजागरी बदलायची की नाही, हे अजून घरी ठरायचं होतं.

घरी म्हणजे मालकांच्या घरी. हॉस्पिटलांच्या चादरी आणि हॉटेलांचे टॉवेल धुणारी ही लाँड्री दोघा भावांची आणि त्यांच्या आईची. निम्म्याहून जास्त हिस्सा आईच्या नावावर. कंपनीचे निर्णय व्हायचे रविवारच्या जेवणाच्या टेबलावर. सोमवारी थोरला येऊन सांगायचा, "घरी ठरलं." कधी म्हणायचा, "पाहुणे होते हो, विषयच निघाला नाही." की गेला आठवडा. बाईंना त्या टेबलाशी खुर्ची नव्हती. "कंपनी तुमचीच समजा," असं मात्र दोघे भाऊ ऊठसूट म्हणत.

"समजायचीच आहे तर जरा मोठी समज," बाईंचा नवरा म्हणे. "विमान कंपनी वगैरे."

सध्या घोडं अडलं होतं मधल्या ड्रायरपाशी. ड्रम फार तापला की आच आपोआप बंद व्हायला हवी. ती होत नव्हती. पांढरे टॉवेल चहात बुचकळल्यासारखे बाहेर येत.

"बाई, आज पुन्हा," ड्रायरवाला सांगत आला.

"जळका वास?"

"वास काल होता. आज धूर."

ड्रायर बंद ठेवू का, हे विचारायला बाई तडक थोरल्याकडे गेल्या.

"माझी कुठे ना आहे?" तो म्हणाला. "पण मशिनरी धाकटा बघतो. त्याला विचारा."

धाकटा म्हणाला, "मी बघतो म्हणजे नुसता बघतो. ठरवतो दादा."

"दादा म्हणतात तुम्ही."

"मग आईलाच विचारतो. तिच्या शब्दाबाहेर कोण आहे?"

सोमवारी निरोप आला: आई नको म्हणाली. हंगामाचे दिवस आहेत, ड्रायर चालूच ठेवा.

त्या संध्याकाळी बाईंनी घरी पर्स अशी आपटली की नवऱ्याने टीव्हीचा आवाज आपणहून कमी केला.

"उद्या तो ड्रायरवाला भाजला तर त्याच्या घरच्यांच्या दारात मी उभी राहायची. आणि ड्रायर बंद करायला मी कोण? कुणी नाही."

"मग मालकिणीलाच विचार ना," तो म्हणाला. "तिला काय शिंगं आहेत?"

पुढच्या रविवारी बाई थेट त्या टेबलापाशी जाऊन उभ्या राहिल्या. थोरल्याचा घास हातातच राहिला.

"बसा आधी," आई म्हणाली. "ताट वाढा गं यांना."

बाई बसल्या नाहीत. "मधला ड्रायर बंद ठेवायला तुम्ही नको म्हणालात. का, ते विचारायला आले."

म्हातारीने चष्मा वर सरकवला. "कोणता ड्रायर?"

दोघे भाऊ एकदम आपापल्या ताटात बघू लागले.

"मला कुणी काही विचारलं नाही," आई म्हणाली. "मला वाटायचं, सगळं तुम्हीच ठरवता. मागे हॉटेलवाले भांडायला आले, तेव्हाही हे दोघं म्हणाले, बाईंनी ठरवलं होतं."

बाईंची कानशिलं तापली. ते गिऱ्हाईक त्यांनी हातापाया पडून परत आणलं होतं. "मग आता सांगा. धूर येतोय. बंद करू?"

"धूर येतोय तर बंदच करायचा. त्यात काय विचारायचं?"

"आई, तुला त्यातलं कळत नाही," धाकटा म्हणाला.

"न कळणारीचं नाव बरं पुढे केलंस," आई म्हणाली.

सोमवारी बाईंनी मधल्या ड्रायरचा खटका खाली ओढला. थोरला आला तो तोंड फुगवूनच.

"आईला मध्ये ओढायचं काय अडलं होतं? सुरू करा तो."

"खटका तिथे आहे. तुम्ही करा."

थोरला खटक्यापाशी गेला. ड्रायरवाला शहाण्यासारखा मागे सरकला. थोरल्याने ते पाहिलं. वर गेलेला हात खिशात शिरला आणि रुमाल घेऊन बाहेर आला.

"तुम्हीच ठरवा बाई," कपाळ पुसत तो म्हणाला. "शेवटी जबाबदारी तुमची."

"जबाबदारी माझीच. आणि अधिकार?"

"त्याचं बघू नंतर."

दुपारपर्यंत ओल्या चादरींचा डोंगर झाला. हॉटेलचा फोन थोरल्याने आपल्या खोलीत घेतला. दाराच्या पडद्याआडून बाईंना ऐकू आलं, "आमच्या बाईंनीच बंद केलाय हो, आम्ही तर—"

बाईंनी आत जाऊन त्याच्या हातातून फोन घेतला. "बरोबर आहे, मीच बंद केलाय. दुरुस्त होईपर्यंत बंदच राहील. टॉवेल उशिरा येतील, पण पांढरे येतील." आणि फोन ठेवला.

बाहेर ड्रायरवाला वाट बघत होता. "मग दुरुस्तीवाला कधी येतोय?"

"त्याला बोलवायला दोघांच्या सह्या लागतात."

"म्हणजे?"

"म्हणजे तू आता पलीकडच्या ड्रायरवर उभा राहा," बाई म्हणाल्या, आणि पदर खोचून ओल्या चादरी उचलू लागल्या.