तांदळावर लिवलेलं नाव

"पदर काढ डोक्यावरचा. फोटोशी ताळा करू दे."

भर ग्रामपंचायतीत म्हटलं त्यानं. दहा-बारा माणसं बसलेली. टेबलावर माझं बारावीचं हॉल तिकीट. त्याच्यावर दोन वेण्यावाली सतरा वर्षाची पोट्टी. आणि समोर मी, कपाळापर्यंत पदर ओढून उभी. याच माणसाच्या ओट्यापुढून अकरा वर्षं जाणं-येणं केलं, पण हा पदर बोटभर मागं सरकू दिला नाही. सरकला असता तर यानंच माझ्या सासऱ्याच्या कानावर घातलं असतं. आणि आता म्हणे, काढ.

त्याले समदं गाव सरपंचसाहेब म्हणते. सरपंच तो नाहीच. सरपंच त्याची बायको. भिंतीवरच्या पाटीवर नाव तिचं, खुर्चीत बूड याचं.

झालं असं होतं. गावात अंगणवाडी सेविकेची जागा निघाली. म्या फॉर्म भरला. यादी लागली तर माझं नाव पहिलं. दुसरं नाव सरपंचसाहेबाच्या पुतण्याच्या बायकोचं. यादीखाली बारीक अक्षरात लिवलेलं, हरकत असल्यास सात दिवसांत कळवावे. चौथ्या दिवशी हरकत गेली: या नावाची बाई आमच्या गावात राहतच नाही.

खोटं होतं काय ते? नव्हतं ना बाप्पा. तेच तर झोंबते.

लग्नात सासूनं पुढ्यात तांदळाचं ताट आणून ठेवलं. नवऱ्यानं अंगठीनं त्यात नाव लिवलं: वैष्णवी. माझ्या भासऱ्यांनी, म्हणजे नवऱ्याच्या मोठ्या भावानं, ते आधीच ठरवून ठेवलेलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, पेढे वाटले. मले कोणी इचारलं नाही. आणि मीही हसली. अल्बममध्ये हाये तसा फोटो. मग सासूनं ताट हलवलं आणि तांदूळ डब्यात ओतून टाकले.

आधार कार्ड त्या तांदळातल्या नावावर निघालं. मार्कशीट माहेरच्या नावावर राह्यली. आणि गंमत अशी का, वैष्णवी म्हणूनही कोणी हाक मारली नाही कधी. सासूसाठी 'धाकलीबाई'. गावासाठी 'बंडूची बायको'. पोरगी झाल्यावर 'पिंकीची माय'. नवऱ्यासाठी तर नुसतं 'आयकलं काय?' जिले नावच नाही तिचा पत्ता कोण सांगणार?

फॉर्म भरून देल्ला तो बौद्धपुऱ्यातल्या मॅडमनं. त्या नांदुऱ्याच्या शाळेत शिकवतात. लग्नानंतरही त्यांनी आपलं नाव, आपल्या बापाचं नाव, काही सोडलं नाही. आम्ही बाया नळावर काय-काय बोलायचो त्यांच्याबद्दल! नवरा टाकला असंल. स्त्रीमुक्तीवाली हाये, सैपाक करत नसंल. त्यात मीही होती, खोटं काऊन बोलू? आणि आम्हीही त्यांचं नाव घेत नव्हतो. 'तिकडची मास्तरीण' म्हणायचो. तिकडची! आपण कोण्या तोंडानं रडावं मग?

त्यांनी पेन हातात घेतला आणि इचारलं, "नाव कोणतं लिहू?"

अकरा वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी इचारलं. मले पटकन सांगताच आलं नाही. ते झाकायले मीच उलटं इचारलं, "मॅडम, तुमचं नवऱ्यासंगं पटत नाही काय?"

त्या अशा हसल्या! "चांगलं पटते वं. आत्ताच भरीत करून गेला तो. खातं का?"

मी खाल्लं, आणि फॉर्मवर मार्कशीटवरचंच नाव लिवायले सांगतलं. तिखट होतं, पण चांगलं होतं. घरी जाताना लाज वाटली मले.

तर ती हरकत. नांदुऱ्याच्या बालविकास हापिसातून सांगतलं, दोन्ही नावाची बाई एकच हाये असा ग्रामपंचायतीचा दाखला आणा, तीन दिवस हायेत. म्हणून मी तिथं उभी होती.

"फोटोतली तूच कशावरून?" त्यानं इचारलं.

"मीच हाओ."

"तू म्हणून चालत नाही ना. नवऱ्याले बोलाव. तो सांगीन तू कोन हायेस ते. मंग देतो दाखला."

नवरा बाहेर मोटारसायकलपाशीच होता. माणूस वाईट नाही. दारातूनच म्हणाला, "आलो. दोन मिनिटाचं काम हाये, सही करून टाकतो."

दोन मिनिटाचंच होतं. नोकरी समोर दिसत होती. तोंड बंद ठेवलं असतं तर झालं असतं. पण बारावीची परीक्षा म्या देल्ली. माहेराहून, वडनेरहून सायकल हाणत कॉलेजले मी गेली. नवऱ्यानं ती पोट्टी कधी पाह्यलीच नाही, आणि ती मीच होती हे त्यानं सांगायचं?

म्या पदर खांद्यावर घेतला. म्हटलं, "हे तुम्ही सांगतलं म्हणून नाही. मले गरम होऊन राह्यलं म्हणून. आणि दाखला तुमच्याकडून नको. सरपंचाले बोलवा."

"मी काय मेलो काय?"

"पाटीवर तुमचं नाव नाही."

मागून कोणीतरी बोललं, "फेमिनिस्ट झाली वाटते बाई." समदे हसले. नवरा खाली पाहत राह्यला. मी उंबऱ्यात बसली. म्हटलं, येईपर्यंत उठत नाही.

तासाभरानं सरपंचबाई आली. हाताले पीठ तसंच. माझ्याहूनही खाली ओढलेला पदर. तिच्या नवऱ्यानं खुर्ची सोडली नाही. ग्रामसेवक बिचारा आपल्या खुर्चीतून उठला. ती बसली नाही. उभ्यानंच हॉल तिकीट हातात घेतलं, फोटो पाह्यला, मग मले पाह्यलं.

"नाव काय तुझं?"

म्या सांगतलं. पुरं सांगतलं, बापाच्या नावासकट. माह्या आवाजाची मलेच ओळख पटेना.

"लिवा," ती ग्रामसेवकाले म्हणाली.

"अवं, तुले काय समजते त्यातलं?" तिचा नवरा म्हणाला.

"समजते. नाव मलेबी होतं." आणि तिनं सही केली. हळू-हळू, एकेक अक्षर दाबून.

म्हणजे जिंकली काय मी? कुठं! फाईल अजून नांदुऱ्यातच फिरून राह्यली. सरपंचबाई त्या दिवसापासून बाहेर दिसली नाही. सासू बोलत नाही. गाव आता मले 'फेमिनिस्ट' म्हणून हाक मारते. या गावानं मले देल्लेलं हे पाचवं नाव. त्याचा अर्थ यांच्या लेखी काय, तर घर मोडणारी, नवऱ्याले नाचवणारी. अरे, मी अजूनही सकाळी उठून तितक्याच भाकरी थापते. नवरा तितकाच माझा हाये. मले फक्त माझं नाव पायजे होतं.

ते नाव इथंही लिवत नाही. ज्याले पायजे त्यानं यावं आणि मले इचारावं.

येत्या महिन्यात भासऱ्याच्या पोराचं लग्न हाये. मलकापूरची पोरगी. तिचं नवं नाव घरात ठरलंसुद्धा. ताटातले तांदूळ निवडायचं काम माझ्याकडे आलं, ताट पुढं ठेवायचा मानही माझाच, काकू हाओ ना. निवडीन. एकेक खडा काढीन. ताटही मीच आणीन, पण नवरदेवापुढं ठेवणार नाही. भर मांडवात त्या पोरीपुढं ठेवीन आणि मोठ्यानं इचारीन, "बाई, तुझं नाव काय?" ती सांगीन ते तिनंच लिवावं, आपल्या बोटानं. तिले बदलायचं असंल तर तेही तिनंच सांगावं.

आणि कोणी मधात हात घातला, तर ताट घेऊन मी मांडवातून चालती होईन. ताटच नसंल तर त्या दिवशी त्या घरात कोणाचंच नाव कोणी पुसणार नाही.