ज्या विमानाला पाना लावला नाही

आमच्या संग्रहालयातली विमानं जागची हलत नाहीत, म्हणून की काय, तिथले किस्सेही कुठं जात नाहीत. आठवड्याला एखादा तरी साठतोच. मी तिकीट खिडकीत बसते, त्यामुळे सगळे आधी माझ्याच पदरात पडतात. आणि माझ्या पोटात काही राहत नाही, हे घरचे सांगतीलच.

नागपूरच्या बाहेर, एका टिनाच्या शेडमध्ये चार जुनी विमानं आहेत. माहिती सांगायला ढोके काका. विमान चालवायला शिकवणाऱ्या एका क्लबात ते जन्मभर मेकॅनिक होते. दारावर निमजे आणि खिडकीत मी. एवढाच आमचा स्टाफ.

*

लकडगंजचे एक लाकडाचे व्यापारी आले होते. काकांनी त्यांना सगळ्यात जुनं विमान दाखवलं. इंजिन किती ताकदीचं, किती उंच जायचं, सगळं सांगून झालं. शेठ मात्र समोरच्या लाकडी पंख्यावर बोटानं टकटक करत उभे.

"काही विचारायचं हाय का?" काकांनी विचारलं.

"नाही," शेठ हळहळत म्हणाले. "माल एक नंबर होता. मधात भोक पाडून वाया घालवला."

*

सावनेरहून शाळेची सहल आली. एक दोन वेण्यांची मुलगी काकांच्या मागेच लागली.

"याचा हॉर्न कुठं हाय?"

"विमानाले हॉर्न नसते, बाई."

"मंग समोर बैल आला तं?"

काकांनी चष्मा काढून पुसला. "आला होता एकदा."

"मंग?"

"बैल समजदार होता."

*

दसऱ्याला आम्ही विमानांची पूजा करतो. झेंडूचे हार, कुंकू, नारळ. गेल्या खेपेस निमजेनं नवीनच काढलं. गाडीच्या पूजेत चाकाखाली लिंबू चिरडतात, मग विमानानं काय घोडं मारलं? काका नको म्हणत होते. पण निमजेनं लिंबू ठेवलंही होतं, आणि मीही साडी खोचून उभी होते.

काकांच्या क्लबातलं, उडवायला शिकायचं ते शिकाऊ विमान निवडलं, चाकाला अडवलेले लाकडी गुटके काढले आणि तिघांनी मिळून ढकललं. शेडला उतार आहे हे कोणाच्याच लक्षात नव्हतं. लिंबू चिरडलं, आणि विमान जे निघालं ते शेजारच्या विमानाच्या पाटीजवळ जाऊन थांबलं. मागं ढकलायला आमचं बळ पुरेना.

ती पाटी फवारणीच्या विमानाची. आता शिकाऊ विमान तिच्यामागं उभं आहे आणि लोक पाटी वाचून विचारतात, "औषध कुठून निघते यातून?"

आधी काका सगळं समजावून सांगायचे. हल्ली म्हणतात, "संपलं औषध."

*

काकांची एक सवय होती. संध्याकाळी शेड बंद करताना ते त्या शिकाऊ विमानापुढं उभे राहायचे, रिकाम्या सीटकडं पाहून हात वर करायचे आणि मग कुलूप लावायचे. निमजेनं एकदा विचारलं, "काका, कोनाले हात करून राहिले?"

"विमान सोडताना करा लागते," काका म्हणाले. "सगळं ठीक हाय, जा."

जन्मभर त्यांनी अशी विमानं सोडली. स्वतः एकदाही वर गेले नाहीत. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "दोनच सीटा रायत. एक शिकवनाऱ्याची, एक शिकनाऱ्याची. मी काय पंखावर बसू?"

*

मग त्यांच्या मुलीला बंगळुरात मुलगी झाली. काकांची पहिली नात. बारसं रविवारी आणि रेल्वेचं वेटिंग काही सरकेना. मुलीनं विमानाची तिकिटं पाठवली. काकांनी माझ्या खिडकीशी उभं राहूनच तिला फोनवर सांगितलं, "ज्या विमानाले म्या पाना नाही लावला, त्याच्यात मी बसत नाही."

आम्ही समजावून थकलो. एवढ्या हट्टापायी नातीचं बारसं चुकणार, याचं मला खरंच वाईट वाटत होतं. शेवटी शुक्रवारी काकू स्वतः शेडवर आल्या. सगळ्यांसमोर म्हणाल्या, "तुम्ही बसा पाना धरून. मी चालली नातीले पाहाले."

शनिवारी काका कामावर आले नाहीत.

परत आल्यावर काकूंनी आम्हाला बारशाचे पेढे दिले. काका आत विमानं पुसत होते. मी विचारलं, "बसले का हो मुकाट्यानं?"

"बसले," काकू म्हणाल्या. "पिशवीत पाना निघाला, तो पोलिसानं तिथंच ठेवून घेतला. मंग तोंड पाडून बसले खिडकीत. विमान हललं अन् एकदम काचेले नाक लावलं, हात वर केला. खाली कराचं नावच घेईनात. म्या म्हटलं, कोनी ओळखीचं हाय का तिथं? तं म्हणे, मीच हाय थो."

"मग?"

"मंग काय, म्या वाकून पाहिलं. पिवळ्या जाकिटातलं एक पोरगं उभं होतं, अन् थेही हात करून राहिलं होतं."