सांगून जाणाऱ्या मावशी

मावशींची पाळी सहाला संपते, पण साडेसहाच्या आत त्या फाटकाबाहेर पडल्या असं कधी झालं नाही. नऊ जणांचा निरोप घ्यायचा असतो. एकेकासमोर बसून, डोळ्यांत बघून सांगायचं, "मी घरी निघाले. सकाळी चहाला येते." कुणी रडतं, कुणी त्यांची चप्पल लपवतं. बरोबरच्या बायका चिडवतात, "झाला का निरोपसमारंभ? हारतुरे मागवू?"

बुद्धीची वाढ कमी झालेल्या मोठ्या माणसांचं हे निवासी घर. मावशी तिथे एकोणीस वर्षं धुलाईखोलीत चादरी धूत होत्या. पण जो तो उठून त्यांच्या मशीनशेजारी जाऊन बसायचा. शेवटी मॅनेजरांनी त्यांनाच वर माणसांत आणलं.

माझा दादा एकेचाळीस वर्षांचा, मला अजून चिमी म्हणणारा. त्याचं सगळं आईच करायची. ती गेल्यावर चार महिन्यांनी मी त्याला तिथे ठेवलं. ठेवलं कसलं! तो टीव्ही बघत होता आणि मी गुपचूप सटकले. रडारड नको, असं तिथल्याच एकीने सुचवलं होतं. मलाही ते सोयीचं वाटलं.

अकरा दिवस दादा दारापाशी बसून होता. अंघोळ नाही, जेवण दोन घास. कुणी हात लावला की स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यायचा. मॅनेजरांनी मला बोलावून घेतलं.

"महिनाभर बघू. नाहीतर तुम्हाला त्यांना घरी न्यावं लागेल."

घरी दिवसभर त्याच्याजवळ थांबणारं कुणीच नव्हतं.

दारात उशांचे अभ्रे घेऊन मावशी उभ्या होत्या; तेव्हा त्या अजून धुलाईचंच काम करत होत्या. त्याच बोलल्या. "साहेब, अकरा दिवसांत किती जणी गेल्या त्याला अंघोळ घालायला?"

"पाळीप्रमाणे. सातेक असतील."

"रोज नवी बाई येऊन तुमचा शर्ट काढायला लागली, तर तुम्ही गप्प बसाल?"

मॅनेजर खोकले.

"त्याला माझ्याकडे द्या. अंघोळ मी, जेवण मी. सुट्टी घेतली तर तेही मीच त्याला सांगणार." मॅनेजरांनी मान डोलावल्यावर त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आणि तू गं? पळालीस ना?"

"त्याला त्रास नको म्हणून..."

"त्याला, की तुला?"

मावशींनी अभ्रे टेबलावर ठेवले.

"आई न सांगता गेली, तू न सांगता गेलीस. तो दार सोडेल कसा? आज जाताना त्याच्या तोंडावर सांग. रडेल. रडू दे, धरायला मी आहे. आणि चारला येते म्हणालीस तर चारला ये. सव्वाचारला आलीस तर गाठ माझ्याशी आहे!"

मी दादासमोर बसले. "दादा, मी जाते. तीन वेळा झोपून उठलास की येते." त्याने माझी बाही अशी धरली की शिवण उसवली. मावशींनी त्याला मिठीत घेतलं. गप्प बस म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, "राग आला ना, राजे? येणारच. आई पण गेली. रडा मोठ्यानं." त्याचं रडणं मला रस्त्याच्या कोपऱ्यापर्यंत ऐकू येत होतं.

चौथ्या दिवशी मी पावणेचारलाच हजर. दादाने पाठ फिरवली. मावशी दारापाशी त्याच्या शेजारीच जमिनीवर बसून चादरीच्या घड्या घालत होत्या आणि एक टोक त्याच्या हातात होतं.

"हे कुठे शिकलात?" मी विचारलं.

"कुठे शिकणार? माझा बाप बाहेरगावी कामाला. मला झोप लागली की निघायचा. मी झोपायलाच घाबरायचे."

दादाला तिथे ठेवल्याच्या पाचव्या आठवड्यात मी म्हणाले, "दादा, मी जाते. तीन झोपा." त्याने बाही धरली नाही. मावशींकडे एकदा बघितलं, दारापासून उठला, टॉवेल खांद्यावर टाकला. "मावशी, चल. पाणी गार होतंय."

मावशींचे आभार मानायचे होते, पण तोंड उघडलं तर हुंदकाच बाहेर आला.

"आभार राहू देत," मावशी हसल्या. "रड पोटभर. तुला कुणी अडवलंय?"

न्हाणीघरातून दादा ओरडला, "चिमे, जा ना! मी अंघोळ करतोय!"