अवसेच्या सिस्टर

पुनवेला सिस्टर बुद्धविहारात सापडायच्या आणि अवसेला गच्चीवर. आसगावजवळच्या आमच्या गावात अवसेच्या संध्याकाळी बायका लेकरांना घरात ओढून घेत. या मात्र दुर्बीण उचलून जिना चढत. म्हणत, "अंधार चांगला असते. चांदणं पडलं का माह्या कॅमेऱ्याले काहीच दिसत नाई."

सिस्टर म्हणजे आमच्या शेजारच्या निवृत्त नर्सबाई. अर्ध्या गावाची बाळंतपणं त्यांच्या हातची. निवृत्तीनंतर लोक सोनं घेतात, घर वाढवतात. सिस्टरांनी दुर्बीण आणि तिला लावायचा रंगीत डिजिटल कॅमेरा मागवला. दिसायला तो एखाद्या गोल डबीसारखा. ना बटण, ना पडदा. दुर्बिणीला डोळा लावायचा तिथे तो बसवायचा आणि वायर लॅपटॉपला जोडायची.

मृगातला तेजोमेघ मी आधी दुर्बिणीतून पाहिला, तेव्हा नुसता राखाडी डाग दिसला. मी हिरमुसले. सिस्टर हसल्या. "डोळा लवकर थकते, बाई. कॅमेरा थकत नाई. थेंब थेंब उजेड जमा करते." मग एकामागून एक फोटो निघाले, लॅपटॉप ते एकमेकांवर रचत गेला आणि त्या डागात हळूहळू गुलाबी रंग उतरला. माझी चुळबुळ पाहून त्या म्हणाल्या, "बाळंतपण अन् फोटो, घाई केली का बिघडते."

पुढे ग्रामसभेत उंच खांबावरच्या हायमास्ट दिव्याचा विषय निघाला. जागा ठरली ती नेमकी सिस्टरांच्या घरासमोरची. त्या झगझगाटात गच्चीवरून काही टिपणं अशक्य होतं. सरपंच म्हणाले, "सिस्टर म्हणत असतील तर दुसरीकडं लावू." पण त्याच गल्लीत शेवंताबाईच्या नवऱ्याला, तलावावरून मासे घेऊन परतताना, अंधारात साप चावला होता आणि सिस्टरांच्याच ओट्यावर त्याने जीव सोडला होता. सिस्टर उभ्या राहिल्या. "दिवा तिथंच लावा. त्या गल्लीत मी माणूस मरताना पाह्यला आहे."

परतताना मी चिडून विचारलं, "काहून असं केलं तुमी?"

"आभाळ कुठी पळून जाऊन राहिलं काय? आपणच थोडं सरकू." असं बोलल्या खऱ्या, पण दिवा लागला आणि कॅमेरा कपाटात गेला.

तो बाहेर काढला शेवंताबाईने. एका संध्याकाळी ती दारात येऊन म्हणाली, "सिस्टर, तलावाच्या पाळीवर चाला. तिथं अंधारच अंधार आहे." दुर्बिणीची पेटी तिनेच डोक्यावर घेतली. मागोमाग बांधावर आम्ही चार-पाच जणी. लॅपटॉपवर गुलाबी रंग उमलला तेव्हा ती पडद्यापाशी वाकली.

"हे आपल्या तलावावर रोज असते काय?"

"थंडीत रोज."

"बाप्पा! अन् मी आजवर पाण्यातच पाहून राहिली होती."

नंतर सिस्टरांचे गुडघे गेले आणि लेक त्यांना रायपूरला घेऊन गेली. जाताना दुर्बीण आणि कॅमेरा त्यांनी शेवंताबाईच्या आणि माझ्या हाती दिला. "मिळून शिका. भांडू नोका."

आमच्या हातचा पहिला फोटो देवयानी दीर्घिकेचा. मोबाइलवर पाठवला, तसा लगेच फोन आला.

"तारे लांबट झाले. स्टँड हालला असन."

शेवंताबाईने फोनजवळ कान आणला.

"पण रंग आला, बाई! रंग आला!" आणि मग फोन तोंडापासून दूर धरून त्या लेकीला हाका मारू लागल्या, "ये लवकर, पाह्य, माह्या गावचं आभाळ!"